अत्तर किती तास टिकतं ते सोडा, कसं बदलतं ते बघा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत अत्तर आणि स्प्रेवरचा लेख वाचला. लेख चांगलाय, फोटो तर एक नंबर, पण खाली जो तक्ता दिलाय ना, अत्तर 24 तास, परफ्युम 8 तास, डिओ 3 तास, तो बघून राहवलं नै म्हणून हे पत्र लिहायलोय. कारण पेपर आल्याच्या दुसऱ्याच दिवशी एक कॉलेजचं पोरगं दुकानात येऊन मला म्हणतंय, काका, पेपरात तर 24 तास दिलंय, माझं ऊदचं अत्तर दुपारीच उडालं, दुकानदारानं चुना लावला. मी म्हणलं थांब, तुझा कालचा शर्ट ह्याच गठ्ठ्यात आहे. काढला, पाणी मारलं, कॉलरवरून इस्त्री फिरवली, तर असा वास उठला की शेजारचा पंक्चरवाला मान वळवून बघायला लागला. उडालं कुठं होतं, त्याच्या नाकानं दखल घ्यायचं सोडलं होतं एवढंच. त्याच्यावर पुढं येतो.

माझं परभणीत लाँड्रीचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. केमिस्ट्री घेऊन बीएस्सी केलं, नोकरी काय लागली नै, मग हेच धरलं. आता तुम्ही म्हणाल इस्त्रीवाल्याला अत्तरातलं काय कळतं, तर साहेब, गावात कोण काय लावतंय हे आमच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. लोक तुम्हाला भेटतात तेव्हा नुकतंच लावलेलं असतं, आमच्याकडं त्यांचे कपडे येतात एक दिवसानं, चार दिवसानं, कधी पेटीत सहा महिने पडलेले. गरम इस्त्री आणि पाण्याची वाफ लागली की कापडात जे काय मुरून बसलेलं असतं ते सगळं वर येतं. अत्तराचा शेवटचा भाग, जो दुकानात कोणी हुंगत नै, तो आम्ही रोज हुंगतो.

तुमच्या तक्त्यात मूळ गडबड अशी की त्यात वास म्हणजे एकच वस्तू धरली, आता आहे आणि मग संपली. तसं नसतंय. कुठलंही अत्तर घ्या नैतर स्प्रे घ्या, त्यात पाचपन्नास वेगवेगळे पदार्थ असतात, भारी परफ्युमात शंभराच्या वर पण असतात, आणि प्रत्येकाचा हवेत उडायचा वेग वेगळा. लिंबू, संत्रं, बर्गामोट असले हलके रेणू पहिल्या पंधरावीस मिनिटांतच पळतात. मग गुलाब, मोगरा, केवडा ही फुलाफुलांची मंडळी, ती दोनतीन तास बसतात. आणि चंदन, वाळा, ऊद, पचौली, कस्तुरीच्या जातीचे, व्हॅनिला, हे जड लोक, ते रात्रीपर्यंत आणि कपड्यावर तर आठवडाभर हालत नाहीत. म्हणजे सकाळी तुम्ही जे लावलं आणि संध्याकाळी जे अंगावर आहे ते दोन वेगळे वास झाले की नै? मग 24 तास टिकलं म्हणजे नेमकं कोणतं टिकलं? शेवटचं चंदन टिकलं असेल, पण तुम्ही पैसे तर वरच्या संत्र्याला भुलून दिले होते.

स्प्रे आणि अत्तर यातला फरकही इथंच आहे. स्प्रेमधे बहुतेक सगळं अल्कोहोल असतं. बाटलीवर ओ द परफ्युम लिहिलं असेल तर सुगंधी माल साधारण 15 ते 20 टक्के, ओ द टॉयलेट असेल तर 5 ते 15, कोलन म्हणलं की त्याहून कमी. फवारा मारला की अल्कोहोल झपकन उडतं आणि जाताजाता हलके वास घेऊन उधळतं, म्हणून स्प्रे पहिल्या मिनिटाला खोलीभर होतो. अत्तरात अल्कोहोल नसतं, तेल असतं, त्यामुळं तो स्फोट होतच नै, ते अंगाला चिकटून हळूहळू येतं, समोरच्याला हात मिळवताना कळतं. लोक त्यालाच म्हणतात अत्तराला पॉवर नै. अरे पॉवर कशाला पाहिजे, लग्नातला डीजे आहे का तो.

उत्तर प्रदेशातलं कन्नौज हे अत्तराचं गाव, तिथल्या खऱ्या पद्धतीत तर चंदनाचं तेल हे फुलाचा वास धरून ठेवायलाच असतं. तांब्याच्या डेगमधे, म्हणजे मोठ्या हंड्यात, फुलं आणि पाणी घालून तोंड मातीनं लिंपतात, खाली लाकडं नैतर गोवऱ्या पेटवतात, वाफ बांबूच्या नळीतून भपका म्हणतात त्या दुसऱ्या भांड्यात उतरते, आणि त्यात आधीच चंदनाचं तेल असतं, ते वाफेतला वास पिऊन घेतं. पाणी खाली काढून टाकायचं, दुसऱ्या दिवशी ताजी फुलं, परत तेच, असं दिवसेंदिवस. चंदन स्वतः जड, लवकर न उडणारं, त्यामुळं गुलाबालाही ते उठू देत नै पटकन. ज्याच्यात चंदन न घालता निव्वळ फुलामुळाचं तेल काढतात त्याला रूह म्हणतात, रूह गुलाब, रूह खस, त्याचे भाव ऐकून आपण हात जोडायचे.

आता आमच्याकडच्या बाजारात शंभर रुपयाला जी गोल झाकणाची बाटली मिळते त्यात चंदनाचा थेंबही नसतो हे सांगायला ज्योतिषी नको. चंदनाच्या तेलाचे भाव बघितले तर शंभर रुपयात बाटलीच्या बुडाला ओल येईल फक्त. त्यात असतं लिक्विड पॅराफिन नैतर डायप्रोपिलीन ग्लायकॉल असलं काहीतरी बिनवासाचं बेस आणि वर कारखान्यात बनवलेला सुगंध. मी ह्याला वाईट म्हणत नै हं, कारखान्यातला वास म्हणजे विष असला अडाणीपणा मला पटत नै. ऊदचंच बघा ना. आसामातलं अगरूचं झाड, त्याला बुरशी लागली की ते आतून काळपट राळ धरतं, त्या लाकडाचं तेल म्हणजे ऊद, ते किती महाग असेल. सगळ्या पोरांनी खरा ऊद लावायचा म्हणलं तर जंगलं उरतील का? पण विकणाऱ्यानं काय आहे ते सांगून विकावं, शंभरच्या बाटलीला असली मैसूर चंदन म्हणू नये एवढंच.

उन्हाचं तुमच्या लेखात एक अक्षर नै ह्याचं मला लई नवल वाटलं. पेपर छापला मराठवाड्यात आणि तक्ता घेतला कुठल्यातरी थंड देशातला. मे महिन्यात इकडं पारा 42-43 ला जातो, हवा कोरडीठाक, अशा वेळी मनगटावरचं अत्तर तव्यावर टाकलेल्या पाण्यासारखं तडतडून जातं. उष्णता वाढली की सगळ्याच रेणूंचा उडायचा वेग वाढतो, म्हणजे जो वास पुण्यामुंबईत एसीत बसून तीन तासांत उलगडला असता तो इथं मोटरसायकलवर एका तासात उरकतो. वरून आपली कातडी कोरडी. कोरड्या कातडीवर वास धरायला काहीच नसतं, तेलकट कातडीवर जास्त वेळ राहतो. म्हणून लावायच्या आधी बिनवासाचं क्रीम नैतर थोडं व्हॅसलीन चोळलं तर फरक पडतो. खोबरेल नका लावू, खोबरेलाला स्वतःचा वास आहे, गुलाबावर खोबरेल म्हणजे गुलकंदाच्या बर्फीसारखं काहीतरी होऊन बसतं.

आणि ह्या उन्हाचा विचार आपल्या जुन्या लोकांनी करून ठेवलेला होता. उन्हाळ्यात वाळा, मिट्टी, मोगरा, केवडा. थंडीत हिना, शमामा, ऊद. हे काही उगं शास्त्र म्हणून पाळायचं नै, अंगावर लावून बघा मग कळतं. वाळ्याचं अत्तर पहिल्यांदा लावलं की बरेच जण तोंड वाकडं करतात, ओल्या मुळ्यांचा, जरा कडवट, गाळाचा वास येतो. पंधरा मिनिटं द्या त्याला. मग तो कडूपणा बसतो, आणि कूलरच्या ताट्यांवर पाणी मारल्यावर येतो तसला गारवा वर येतो, आणि दुपार कलली की नुसतं गोडसर लाकूड राहतं. वाळ्याचं तेल हे सगळ्यात सावकाश उडणाऱ्या तेलांपैकी एक, त्यामुळं भर उन्हातही ते टिकून राहतं, लिंबासंत्र्याचं कोलन तोवर दोनदा संपलेलं असतं. असली रूह खस जरा हिरवट दिसते ती डेगच्या तांब्यामुळं, रंग घातलाय म्हणून नै. अर्थात हिरवा रंग घालून विकणारेही आहेतच.

मिट्टीचं अत्तर हा तर आपल्या भागातल्या माणसाचा कमकुवत बिंदूच आहे. कन्नौजला मातीच्या भाजलेल्या चकत्या, खापरं डेगमधे घालून त्याची वाफ चंदनात उतरवतात. 1964 साली ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी, बेअर आणि थॉमस त्यांची नावं, पहिल्या पावसाच्या वासावर संशोधन छापलं, त्याला पेट्रिकोर हे नाव दिलं, आणि कन्नौजकडचे लोक हाच वास बाटलीत भरून विकतात ह्याची दखल त्यांनीही घेतली होती. त्या वासातला मातकट भाग जिओस्मिन नावाच्या पदार्थाचा, तो मातीतले जिवाणू तयार करतात, आणि माणसाचं नाक त्याला इतकं तिखट की अब्जात काही थोडे कण असले तरी ओळखतं. पण अंगावर लावल्यावर काय होतं, पहिली पाचदहा मिनिटं मृगाचा पाऊस, मग तो हळूहळू चंदनात विरघळतो आणि तासाभरात निव्वळ चंदन उरतं, स्वस्तातलं असेल तर ते पण उरत नै. ज्याला दिवसभर पाऊस पाहिजे त्यानं मिट्टी घेऊ नये, निराश होईल. फायाला, म्हणजे कापसाच्या बोळ्याला, लावून कानात ठेवला तर जरा जास्त वेळ खेळतं, कापूस तेल धरून ठेवतो म्हणून. कानात फाया ठेवायची पद्धत आता गेली, नव्या पोरांना लाज वाटते. वायरलेस हेडफोन कानात चालतो, फाया चालत नै.

मोगऱ्याचं वेगळंच. खऱ्या मोगऱ्यात थोडं इंडोल असतं. इंडोल नुसतं हुंगलं तर डांबरगोळीसारखं, जरा कुजकट सुद्धा, पण फुलात ते थोडंसं असतं म्हणून मोगरा जिवंत वाटतो. लावल्यावर वरचा ताजा हिरवा वास उडाला आणि इंडोल पुढं आलं की काही लोकांना रात्रभर उशीजवळ ठेवलेल्या गजऱ्याची आठवण येते आणि काहींना मळमळतं. दोघंही बरोबर. घामासोबत तर ते फार चढतं, म्हणून मोगरा मनगटाला एक टिपका, बस. हळदीकुंकवाला बायका हाताच्या मागच्या बाजूला अत्तर लावतात ना, ती जागा एकदम करेक्ट आहे, तिथं घाम कमी, कातडी पातळ, आणि बोलताना हात हालला की वास पुढं जातो.

शमामा आणि हिना थंडीतच का, तर त्यात जटामांसी, नागरमोथा, लवंग, जायफळ असली ढीगभर जडीबुटी असते, पहिला वास आयुर्वेदिक दुकानात शिरल्यासारखा येतो. नव्या माणसाला वाटतं काढा सांडला अंगावर. दोन तासांनी ते सगळे तीक्ष्ण मसाले खाली बसतात आणि गरम, गोडसर, जुन्या शालीसारखं काहीतरी उरतं. हेच मे महिन्यात लावून एसटीत बसलात तर शेजारचा माणूस पुढच्या स्टॉपला उतरेल, त्याचं गाव आलं नसलं तरी.

फेब्रुवारीत आमच्याकडं तुराबुल हक साहेबांचा उरूस भरतो. तिथं अत्तराचे ठेले लागतात, त्यातल्या एका म्हाताऱ्या अत्तरवाल्याची विकायची रीत मला फार आवडते. गिऱ्हाईकाच्या हातावर काडीनं एक रेघ ओढतो, आणि गिऱ्हाईक नाकाशी हात नेऊन लगेच काय बोलायला लागलं की म्हणतो, "अब्बी मत बोलो भाई, पूरा उरूस घूमके आव, फिर बोलो." अर्धे लोक परत येत नाहीत, त्याचा धंदा बुडतो, तरी तो तेच म्हणतो. तुमच्या अख्ख्या लेखापेक्षा, राग मानू नका साहेब, त्या एका वाक्यात जास्त माहिती आहे. मॉलमधे मात्र पोरगी कागदाची पट्टी हातात देते, त्यावर फुसकन मारते, आणि दोन मिनिटांत बिल. कागदाला ना ऊब असते ना तेल ना घाम, तिथं जो वास येतो तो तुमच्या अंगावर यायची गॅरंटी नै. आणि चार पट्ट्या हुंगल्या की पाचवीचं काही कळत नै. मग ती कॉफीचे दाणे पुढं करते. त्यावर प्रयोग झालेत, साध्या हवेपेक्षा कॉफीनं काही वेगळा फायदा दिसला नव्हता. बाहेर जाऊन मोकळा श्वास घ्या, नैतर स्वतःचंच कोपर हुंगा, तेवढं पुरतं.

आता त्या ऊदवाल्या पोराकडं येतो. नाकाचा स्वभावच असा की एकच वास सतत आला की ते त्याची नोंद घ्यायचं बंद करतं. मेंदूला नवीन काय आलं ते पाहिजे असतं, जुनं कशाला सांगत बसायचं. म्हणून आपल्या घराचा वास आपल्याला येत नै, पाहुण्याला येतो. अत्तराचं तेच होतं, विशेष करून जड वासांचं. लावणाऱ्याला वाटतं उडालं, मग तो अजून लावतो, परत वाटतं उडालं, परत लावतो, आणि मंगल कार्यालयात त्याच्या मागच्या दोन रांगांतल्या म्हाताऱ्यांना खोकला सुरू होतो. दमेकऱ्यांचे तर खरंच हाल होतात, ह्याच्यावर तुम्ही कधीतरी वेगळं लिहा. स्वतःचा वास तपासायचा असेल तर दुसऱ्याला विचारायचं, नैतर घरी आल्यावर शर्ट काढून ठेवायचा आणि अंगणात चक्कर मारून येऊन हुंगायचा.

काही वास तर काही माणसांना मुळातच येत नाहीत. कस्तुरीच्या जातीचे जे कारखान्यातले मस्क आहेत त्यांच्याबाबत हे फार होतं. एकच कपाट वापरणारे नवराबायको, तो म्हणतो ह्या परफ्युमला वासच नै, ती म्हणते माझं डोकं उठलं. दोघांचीही नाकं ठीक आहेत, रचना वेगळी. आणि मस्क म्हणलं की लोकांना हरणाची कस्तुरी आठवते, तर ते विसरा. कस्तुरीमृगाला 1972 च्या वन्यजीव कायद्यानं पूर्ण संरक्षण आहे, बाजारात कस्तुरी म्हणून जे मिळतं ते बनावट नैतर कारखान्यातलं. ह्या कारखान्यातल्या मस्कची सुरुवातही गंमतीची आहे, 1888 मधे बाउर नावाचा माणूस स्फोटक दारूवर प्रयोग करत होता, त्यात त्याला कस्तुरीसारखा वास सापडला. आजचे मस्क वेगळे आहेत, आणि ते कापडाला इतके चिकटतात की धुऊनही जात नाहीत, म्हणून तर कपड्याच्या साबणात, पावडरीत घालतात. आमच्याकडं धुवून वाळवून आलेला शर्ट इस्त्रीखाली गेला की जो 'स्वच्छ' वास येतो तो स्वच्छतेचा वास नसतोच, मस्कचा असतो. पॉलिस्टरच्या कापडात तर घामाचा वास पण असाच बसतो, सुती लवकर सोडतं, पॉलिस्टर नै सोडत. त्यावर डिओ मारला की घाम आणि मस्क दोघंही राहतात, संसार थाटून.

लेखात मनगटं एकमेकांवर घासा म्हणून दिलंय. इंटरनेटवर ह्याच्या उलट टोकाचं सांगतात, घासल्यानं रेणू चिरडतात म्हणे. रेणू काय शेंगदाणे आहेत का चिरडायला. घासल्यानं थोडी ऊब तयार होते आणि तेल पसरतं, त्यामुळं वरचे हलके वास लवकर जातात, बाकी काही नै. पण महागाचा वरचा वास घालवायला पैसे दिले नव्हते ना, मग कशाला घासायचं, टेकवा आणि सोडून द्या.

"अत्तर नैसर्गिक असल्यानं दुष्परिणाम नाहीत" हे वाक्य मात्र तुम्ही मागं घ्यायला पाहिजे साहेब. बर्गामोटच्या सालीच्या तेलात बर्गाप्टेन असतं, ते मानेला लावून उन्हात गेलं की कातडी भाजून काळे डाग पडतात आणि महिनोन्‌महिने जात नाहीत. आपल्याकडच्या उन्हात तर विचारूच नका. चांगल्या कंपन्या ते काढून टाकलेलं तेल वापरतात, सुट्या अत्तराचं कोण सांगणार. लिंबूवर्गी तेलं जुनी झाली, हवा लागून बिघडली की त्यानं कातडीला खाज सुटते, ॲलर्जी होते, आणि हे तेल झाडातूनच आलेलं असतं. नवीन काही घेतलं की कोपराच्या आतल्या बाजूला थेंब लावून एकदोन दिवस वाट बघायची. लहान लेकरांच्या अंगाला तर काहीच लावू नका, लावायचंच असेल तर कपड्याला.

कपड्याचं निघालं म्हणून माझ्या धंद्याचं बोलतो. डिओच्या डब्यात वास ढकलायला ब्युटेन, प्रोपेन असला गॅस भरलेला असतो, म्हणजे स्वयंपाकाच्या सिलेंडरचे भाऊबंद. मागं एक गिऱ्हाईक इस्त्री झालेला शर्ट तिथंच घालून, टेबलाजवळ उभं राहून, खिशातला डबा काढून काखेत मारायला लागलं. माझी कोळशाची इस्त्री हातभर अंतरावर, निखारे लाल. मी त्याचा हात धरून बाहेर ओढला तर त्याला राग आला, म्हणे एवढं काय झालं. डब्यावर ज्वलनशील असं छापलेलं असतं ते वाचत जा म्हणून दोन ओळी तुम्ही चौकटीत टाकल्या असत्या तर तक्त्यापेक्षा कामाला आल्या असत्या.

आणि पांढऱ्या शर्टाच्या काखेत जे पिवळे डाग पडतात ते घामाचे नसतात नुसते. घाम थांबवणाऱ्या स्प्रेत, रोलऑनमधे ॲल्युमिनियमचे क्षार असतात, ते घामात मिसळून कापडात पिवळे बसतात. ब्लीच मारलं की अजून पिवळे होतात, बायका हमखास तेच करतात आणि मग शर्ट आमच्याकडं. अत्तराचा डाग वेगळा, तो तेलाचा. ईदच्या आदल्या रात्री पांढऱ्या कुर्त्यांची रास असते दुकानात, त्यातल्या काहींच्या छातीवर मागच्या ईदचा शमामा तपकिरी ठिपका होऊन बसलेला असतो. त्यावर इस्त्री फिरवली की तो कायमचा झाला समजा. ताजा असेल तर आधी खडूची पावडर नैतर टाल्कम टाकून तेल शोषून घ्यायचं, झटकायचं, मग भांड्याच्या साबणाचं लिक्विड कोरड्यावरच चोळायचं, आणि त्यानंतर पाणी. आधी पाणी मारलं की काम वाढतं.

पैठणीवर तर स्प्रे मारूच नका बायांनो. अल्कोहोलनं रेशमावर कडा उमटते, कच्चा रंग असेल तर सुटतो, जरीचं काय होतं ते वर्षभरानं दिसतं. वास पाहिजेच असेल तर पदराच्या आतून, अंगाला लावा, साडी नेसायच्या आधी, वाळू द्या मग नेसा. कपाटात पैठणीच्या घडीजवळ वाळ्याच्या मुळ्यांची जुडी मलमलच्या कापडात बांधून ठेवली तरी छान वास धरते, तेल नै, डाग नै.

बाटली कुठं ठेवायची हेही राहिलंच तुमचं. लोक गाडीच्या डिकीत, कारच्या डॅशबोर्डवर, खिडकीतल्या आरशाजवळ ठेवतात. उजेड आणि उष्णतेनं पहिल्यांदा वरचे हलके वास मरतात, आंबूस, व्हिनेगरसारखं काहीतरी येतं, आणि माणूस म्हणतो कंपनीनं माल बदलला. अंधारात, कपाटात ठेवा, झाकण घट्ट. रंग जरा गडद झाला म्हणून फेकू नका, व्हॅनिला असलेला माल तसाही काळवंडतो. चंदनाचं अत्तर मात्र नीट ठेवलं तर वर्षानुवर्षं अजून मुरत, मऊ होत जातं, ते वडिलांकडून मुलाकडं जाऊ शकतं.

तर साहेब, पुढच्या पुरवणीत तो तक्ता परत छापणार असाल तर तासांचा रकाना काढा आणि तीन रकाने करा, लावल्यालावल्या काय, दुपारी काय, रात्री शर्ट काढताना काय. आणि प्रत्येकापुढं उन्हाळा का हिवाळा ते लिहा. माहिती पाहिजे असेल तर संभाजीनगरला गुलमंडीवरच्या, नांदेडच्या, लातूरच्या गंजगोलाईतल्या चार जुन्या अत्तरवाल्यांशी बोला, ते फुकट सांगतात, फक्त घाई करू नका. वाचकांसाठी एवढंच, लग्नसराई तोंडावर आहे, कपडे इस्त्रीला देताना कुठं अत्तर लागलंय ते आधी बोट ठेवून दाखवा, आम्ही इस्त्री टेकवल्यावर सांगू नका.

आपला,
एक लाँड्रीवाला वाचक
परभणी